रोमच्या तुटक्या पुलाची एकच कमान का उरली?

प्रश्न असा आहे. रोममध्ये टायबर नदीच्या ऐन मध्यावर दगडी पुलाची एकच कमान उभी आहे. ती ना या काठाला लागते, ना त्या काठाला. तिला पोन्ते रोत्तो, म्हणजे तुटका पूल म्हणतात. तिच्या जरा वरच्या अंगाला, टायबरमधल्या बेटाला शहराशी जोडणारा फाब्रिचिओ पूल आहे. तो इ.स.पू. ६२ मध्ये बांधला आणि लोक आजही त्यावरून चालतात. बांधणारे रोमनच, नदी तीच, दगडही साधारण तेच. मग एकाची अशी दशा आणि दुसरा ठणठणीत, हे कसं? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: रोमनांना असं काय येत होतं, जे आपल्याला येत नाही?

आधी सरळ उत्तर देतो, तपशील नंतर. पोन्ते रोत्तोच्या कमानी कमकुवत होत्या म्हणून तो पडला नाही. तो पुरात गेला, आणि दगडी पुलाला पूर वरून ढकलून पाडत नाही. तो खांबाखालचा तळ उकरतो; खांब बसतो किंवा कलतो, आणि त्याच्यावर टेकलेल्या कमानी खाली येतात. फाब्रिचिओच्या वाट्याला नदी तीच आली, पण जागा बरी आली आणि पाण्यात एकच पाय ठेवावा लागला. ज्यांनी जुन्या दगडी पुलांच्या पाहण्या केल्या आहेत त्यांना हे नवीन नाही. बघायला येणारे लोक वर मान करून भेगा मोजतात, दुखणं मात्र पाण्याखाली असतं.

आता हा पूल मुळात कोणता ते पाहू. याचं जुनं नाव पोन्स एमिलियस. रोममधला हा पहिला दगडी पूल. त्याच्याआधी याच भागात सुब्लिकियस नावाचा लाकडी पूल होता, आणि त्यात लोखंड वापरायचं नाही असा धार्मिक दंडक होता. इ.स.पू. १७९ मध्ये मार्कस फुल्वियस नोबिलिऑर आणि मार्कस एमिलियस लेपिडस हे दोघे सेन्सर होते. सेन्सरांचं मुख्य काम नागरिकांची गणती, पण सार्वजनिक बांधकामांचे ठेकेही तेच देत. फुल्वियसने नदीत खांब उभारायचा ठेका दिला. त्या खांबांवर कमानी चढवण्याचा ठेका मात्र पुब्लियस स्किपिओ आणि लुसियस मुम्मियस या नंतरच्या सेन्सरांनी दिला, इ.स.पू. १४२ मध्ये. ही नोंद लिव्ही या इतिहासकाराची. चारच वर्षांपूर्वी यातल्या पहिल्याने कार्थेज आणि दुसऱ्याने कॉरिन्थ जमीनदोस्त केलं होतं.

खांब आणि कमानी यांच्यात सदतीस वर्षांचं अंतर! नदीत नुसते खांब उभे आणि गर्डरचा पत्ता नाही, असे पूल पाहायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे ही दिरंगाई ओळखीची वाटेल. पण मधल्या काळात खांबांवर लाकडी तुळया टाकून ये-जा चालू असणार, असं बहुतेक अभ्यासक धरतात आणि मलाही ते पटतं. इंजिनिअर म्हणून मला यात एक फायदाही दिसतो. गाळावर उभा केलेला खांब जो काय बसायचा तो बराचसा पहिल्या काही वर्षांत बसतो. वर लाकडी तुळया असतील तर चार-सहा इंच बसल्याने काही बिघडत नाही, पाचर ठोकून फळ्या सारख्या करता येतात. दगडी कमान चढवल्यावर तेवढंच बसलं तर भेगा पडतात. त्यांनी हे ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही. पण कमानी चढल्या तेव्हा खांब मुरलेले होते, हे खरं.

जागा मात्र वाईट होती, आणि ती टाळता येण्यासारखी नव्हती. पूर्व काठावर फोरम बोआरियम, म्हणजे गुरांचा बाजार, आणि त्याला लागून नदीतलं बंदर. पश्चिमेकडे जाणारा आउरेलिया मार्ग याच पुलापासून सुरू होई. म्हणजे पूल इथेच हवा. आता नकाशा काढून नदीकडे बघा. टायबर आग्नेयेकडे वाहत येते, बेटापाशी तिचे दोन फाटे होतात, बेट संपताच ते दोन्ही फाटे तिरके येऊन एकमेकांना भिडतात आणि लगेच नदी उजवीकडे, म्हणजे नैऋत्येकडे वळते. पूल नेमका त्या जागी आहे. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठाकडे जातो आणि तिथला तळ खोल होत जातो. आतल्या काठाला गाळ साचतो. इथे बाहेरचा काठ म्हणजे पूर्वेचा, बाजाराच्या बाजूचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय दोन फाट्यांचं पाणी वेगवेगळ्या कोनातून येत असल्यामुळे खांब कोणत्याही एका प्रवाहाला सरळ तोंड देऊ शकत नाही. खांबाला समोरून पाणी लागणं आणि तिरकं लागणं यात फार फरक आहे. तिरकं लागलं की खांबाची पूर्ण लांबी आडवी येते, पाणी एका कुशीला आपटतं आणि दुसऱ्या कुशीला भोवरे तयार होतात.

नदीत खांब उभा करायची रीत काय होती? पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळातल्या व्हित्रुव्हियस या स्थापत्यकाराने बंदराच्या कामांसाठी ती सांगून ठेवली आहे, आणि पुलांसाठीही तीच वापरली जात असणार. पाण्यात फळ्या आणि खुंट ठोकून दुहेरी कूड उभा करायचा, दोन कुडांच्या मध्ये लव्हाळ्याच्या पिशव्यांत चिकणमाती भरून ठासायची, आतलं पाणी रहाटांनी आणि मळसूत्री पंपांनी उपसायचं आणि कोरड्या तळावर खणायला लागायचं. घट्ट तळ लागला तर उत्तम. नाही लागला तर आल्डर, ऑलिव्ह किंवा ओक यांचे भाजून काळे केलेले खुंट ठोकायचे, मधल्या फटी कोळशाने भरायच्या आणि त्यावर घडीव दगड रचायला घ्यायचे. आल्डरचं लाकूड सतत पाण्याखाली राहिलं तर शतकानुशतकं कुजत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. दुसरा मार्ग पोझोलानाचा. नेपल्सजवळच्या पुतेओलीच्या परिसरातली ही ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं. आपल्याकडचे जुने गवंडी चुन्यात विटेची सुरकी घालत, त्याच्यामागचं रसायन हेच.

या रीतीची मर्यादा कुठे आहे ते ओळखा. माणसांच्या आणि जनावरांच्या बळावर पाणी उपसायचं म्हटलं तर काही मीटरपलीकडे खोल जाता येत नाही. बाहेरच्या पाण्याचा दाब कूड आत ढकलतो आणि तळातून पाणी उसळायला लागतं. आणि रोमपाशी टायबरखाली गाळाचे जाड थर आहेत. खडक त्यांच्या पल्ल्यात नव्हता. आपण नदीत विहिरीचा पाया घेतो, विहीर आतून उकरत उकरत गाळातून खाली उतरवतो, किंवा यंत्राने खोल पाइल टाकतो. किती खोल जायचं त्याचा आपल्याकडे ठरलेला हिशेब आहे: लेसी या इंजिनिअरच्या सूत्राने सरासरी धूप, म्हणजे प्रवाहाने तळ किती खोल खरवडला जाईल ते, काढायची, खांबासाठी तिची दुप्पट धरायची, महापुराच्या पातळीपासून ती खाली मोजायची आणि पाया त्याच्याही खाली न्यायचा. रोमन कारागिराला धूप ठाऊक होती, पण ती किती खोल जाईल हे सांगणारं गणित त्याच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी तिथवर पोचायचं साधन नव्हतं.

ज्यांना धूप म्हणजे काय हे डोळ्यांपुढे आणायचं आहे त्यांनी समुद्राच्या कडेला पाण्यात उभं राहून पाहावं. लाट मागे जाताना टाचेखालची वाळू निघून जाते आणि आपण न हलता खाली जातो. पुलाचा खांब असाच जातो. फरक एवढाच, की पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा गाळाने भरतो. दुसऱ्या दिवशी पाहणी करणाऱ्याला तळ सपाट दिसतो, आणि खांबाखाली घट्ट जमिनीऐवजी काल आलेला मऊ गाळ आहे हे कळत नाही.

आता कमानीकडे येऊ, कारण रोमनांचं खरं कसब तिथे आहे. अर्धवर्तुळाकार कमानीतले दगड पाचरीच्या आकाराचे असतात आणि प्रत्येक दगड शेजारच्या दोघांना दाबून धरतो. त्यात ताण कुठेच नाही, नुसता दाब. चोवीस-पंचवीस मीटरच्या गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या अंतराचा, ढोबळ हिशेब मांडला तर कमानीच्या दगडावर स्वतःच्या वजनाने दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोच्या आतच दाब येतो. तिवोलीचा ट्रॅव्हर्टिन हा चुनखडीचा दगड याच्या कित्येक पट पेलतो. रोमच्या आसपास मिळणारा टफ नावाचा ज्वालामुखीचा दगड करवतीने कापता येईल इतका मऊ, आपल्या काळ्या पत्थरापुढे अगदीच लेचापेचा, पण तोसुद्धा एवढं ओझं पेलतो. म्हणजे दगड चिरडून कमान पडणं ही गोष्ट जवळपास घडतच नाही. कमान पडते ती आकार बिघडल्यामुळे. ती पडायची तर तिच्यात चार ठिकाणी सांधे उघडून बिजागरीसारखे फिरायला लागावे लागतात. तीन ठिकाणी उघडले तरी ती उभी राहते. खांब थोडा बसला की कमान तीन भेगा घेते, नव्या आकारात स्थिर होते आणि शतकभर तशीच राहते. जुन्या कमानीला भेग दिसली की पूल पाडा म्हणून ओरडणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं.

बांधताना मात्र कमान स्वतःच्या पायावर उभी नसते. माथ्यावरचा चावीचा दगड बसेपर्यंत खाली लाकडी सेंटरिंग लागतं. नदीत सेंटरिंगला टेकू कुठे द्यायचा? रोमनांनी युक्ती काढली. खांबापासून कमान जिथे सुरू होते तिथले पहिले काही दगड जवळपास आडवे असल्याने नुसत्या घर्षणावर राहतात, घसरत नाहीत. सांध्याचा उतार साधारण तीस अंशांच्या पुढे गेला की घसरायला लागतात. म्हणून तेवढे दगड सेंटरिंगशिवायच रचायचे, त्यातलाच एखादा थर पुढे काढून ठेवायचा आणि त्या पुढे आलेल्या दगडांवर लाकडी सांगाडा टेकवायचा. फ्रान्समधल्या पोन्त द्यु गार या रोमन जलवाहिनीच्या पुलावर असे पुढे आलेले दगड अजून दिसतात. एक कमान पुरी झाली की तोच सांगाडा पुढच्या गाळ्यात.

पण एकच कमान आधी पुरी करायची तर ती शेजारच्या खांबाला आडवा रेटा देणार, आणि पलीकडून तो रेटा परतवायला दुसरी कमान अजून झालेलीच नाही. म्हणून खांब इतका जाड हवा, की त्याने एकट्याने तो रेटा पचवला पाहिजे. रोमन पुलांत खांबाची जाडी बऱ्याचदा गाळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सापडते. तुमच्या प्रश्नातल्या एकट्या कमानीचं उत्तर इथे आहे. दोन्हीकडच्या कमानी गेल्या तरी ती उभी राहिली, कारण तिचे दोन्ही खांब तिचा रेटा कुणाच्याही मदतीशिवाय पेलू शकतात. अठराव्या शतकात फ्रान्सच्या पेरोने या इंजिनिअरने न्यूलीचा पूल बांधला त्यात खांब गाळ्याच्या नवव्या हिश्श्याइतके बारीक होते. दिसायला अप्रतिम, पाण्याला अडथळा कमी. पण तिथे प्रत्येक कमान शेजारणीच्या भरवशावर. एक गेली की ओळीने सगळ्या जायच्या. असा पूल मोडला तर पूर्ण जातो, मधली एखादी कमान मागे उरत नाही.

म्हणजे जाड खांब हेच वरदान. आणि तोच शाप. समजा गाळा २४ मीटरचा आणि खांब ८ मीटरचा. नदीची पाव रुंदी खांबांनीच अडवली. तेच पाणी उरलेल्या पाऊण रुंदीतून जायचं, म्हणून वेग सव्वा पटीहून जास्त, जवळपास १.३३ पट. हा आकडा छोटा वाटतो. पण पाण्याला ओढून नेता येणाऱ्या दगडाचं वजन वेगाच्या सहाव्या घाताने वाढतं, असा जुना नियम आहे. १.३३ चा सहावा घात करा: साडेपाच पट. म्हणजे पुलाच्या आधी नदी जो दगड जेमतेम हलवू शकत होती, त्याच्या साडेपाच पट वजनाचा दगड पुलाखालून वाहून जाऊ शकतो. पूल स्वतःच्या जाडीने स्वतःच्या पायाखाली खड्डा खणायची सोय करतो. वरून पुरात आलेले ओंडके खांबांना अडकले की गाळा आणखी आवळतो. टायबरमध्ये भर म्हणून तरंगत्या गिरण्याही होत्या. सहाव्या शतकात गॉथांनी रोमला वेढा घालून जलवाहिन्या तोडल्या तेव्हा शहर राखणाऱ्या बेलिसारियस या सेनापतीने होड्यांवर गिरण्या बसवल्या, आणि पुढे शतकानुशतकं त्या बेटाच्या आसपास बांधलेल्या असत. मोठ्या पुरात दोर तुटून अशी गिरणी पुलावर येऊन आदळली की काय होईल याची कल्पना करा.

खांबांच्या वर, दोन कमानींच्या बेचक्यात रोमन लोक एक खिडकीवजा छोटी कमान ठेवत. महापुरात पाणी तिथवर चढलं की तेवढी जास्तीची वाट मिळते आणि खांबावरचं वजनही घटतं. पर्यटकांना वाटाडे ही खिडकी फार कौतुकाने दाखवतात. कौतुक योग्य आहे, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. ती वरचं पाणी सोडते. तळाशी वेग व्हायचा तेवढा होतोच, आणि खड्डा तळाशीच पडतो.

पोन्स एमिलियसच्या हालांची यादी लांबलचक आहे, सगळी सांगत बसत नाही. ऑगस्टसच्या काळात मोठी दुरुस्ती झाली. मध्ययुगात १२३० च्या पुराने तो मोडला, पुन्हा उभा केला. सोळाव्या शतकात तो इतका खिळखिळा झाला, की पोपने काम मायकेलअँजेलोकडे सोपवलं. त्याने खांबाच्या पायापासून काम धरलं. पण पुढच्या पोपच्या काळात ते त्याच्याकडून काढून नान्नी दि बाच्चो बिजो या दुसऱ्या वास्तुविशारदाला दिलं गेलं. मायकेलअँजेलोचा चरित्रकार वसारी सांगतो, की नान्नीने पुलाला वजन आणि बळकटी देणारे ट्रॅव्हर्टिनचे दगड काढून विकले आणि त्या जागी खडी भरली. एकदा वसारी आणि मायकेलअँजेलो घोड्यांवरून या पुलावरून जात होते. मायकेलअँजेलो म्हणाला, हा पूल आपल्याखाली हलतोय, घोडा जरा दामटू या, नाहीतर आपण वर असतानाच पडायचा. १५५७ च्या पुरात तो खरोखर पडला.

किस्सा झकास आहे, पण वसारी पक्का मायकेलअँजेलोच्या गोटातला, हे विसरून चालत नाही. माझं मत विचाराल तर खडीने नुकसान केलंच असणार. घडीव दगडांच्या भरीव बांधकामाऐवजी सुटी खडी भरली की ती ओली होऊन बाजूच्या भिंती बाहेर ढकलते, आणि कमानीच्या खांद्यावरचं जे वजन तिचा आकार धरून ठेवतं ते नीट लागत नाही. तरीही पुरात पडलेल्या पुलाचं खापर मी आधी पायावर फोडेन, मग खडीवर. याला पुरावा म्हणून पुढचं प्रकरण पाहा. पोप तेरावा ग्रेगरी याने १५७५ च्या ज्युबिली, म्हणजे यात्रेच्या पवित्र, वर्षासाठी पूल पुन्हा नीट बांधून घेतला. या वेळी खडीची तक्रार कुणी केलेली नाही. आणि १५९८ च्या नाताळात टायबरला तिच्या नोंदींमधला सर्वांत मोठा पूर आला, रोममधल्या रिपेत्ता धक्क्यावरच्या मापपट्टीवर १९.५६ मीटर. पुलाच्या सहापैकी तीन कमानी गेल्या. कोणत्या? पूर्वेच्या. वळणाच्या बाहेरच्या काठाकडच्या, जिथे तळ सर्वांत खोल जातो. पश्चिमेच्या तीन तशाच राहिल्या. नवं बांधकाम, चांगला दगड, पोपचा पैसा, आणि पूल टिकला तेवीस वर्षं. त्यानंतर मात्र रोमने नाद सोडला.

आपल्याकडच्या वाचकांना हे वाचून महाड आठवेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल ऐन पुरात गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या गाड्या आणि माणसं गेली. दोन्ही पुलांचा काळ आणि नदी वेगळी, पण पुराच्या वेळी दगडी पुलाला धोका कुठून असतो हे दोन्हीकडे सारखंच आहे.

एक गैरसमज दूर करायला हवा. आज फक्त एक कमान दिसते त्याचा सगळा दोष नदीचा नाही. १५९८ नंतर तीन कमानी उरल्या होत्या. १८५३ मध्ये मोडक्या टोकापासून पूर्व काठापर्यंत लोखंडी झुलता पूल जोडून तो वापरातही आणला होता. मग १८७० च्या डिसेंबरात पुन्हा मोठा पूर आला, नव्या इटालियन सरकारने नदीच्या दोन्ही काठांना उंच भिंती बांधायला घेतल्या, आणि त्या कामात १८८७ मध्ये तीनपैकी दोन कमानी पाडल्या. शेजारी पालातिनो नावाचा लोखंडी पूल आला. म्हणजे टायबरच्या पुराने शेवटच्या खेपेला तीन कमानी नेल्या आणि माणसांनी दोन. शहराला पुरापासून वाचवायचं होतं, त्यामुळे तो निर्णय मी चूक म्हणणार नाही, पण हिशेबात तो धरायलाच हवा.

आता फाब्रिचिओ. लुसियस फाब्रिसियस हा रस्त्यांचा अधिकारी होता. कमानींवर त्याचा शिलालेख चार वेळा कोरलेला आहे: हे काम त्याने करवून घेतलं आणि त्यानेच ते मंजूर केलं. काम करवून घेणारा आणि पास करणारा एकच! आमच्या खात्यातल्या मंडळींनी पुढे काय म्हणायचं ते मनात म्हणावं. पण खाली लहान अक्षरांत दुसरी ओळ आहे, इ.स.पू. २१ च्या लेपिडस आणि लोलियस या कॉन्सुलांची, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांची: सिनेटच्या ठरावानुसार त्यांनी पूल तपासून मंजूर केला. त्याच्या आधीच्या वर्षांत टायबरला मोठे पूर आले होते, त्यानंतरची ही तपासणी असावी. ठेकेदाराने चाळीस वर्षांची हमी द्यायची आणि मगच अनामत परत, असा रोमन नियम होता अशी एक गोष्ट या दोन तारखांवरून फिरत असते. शिलालेखात अनामतीचा किंवा हमीचा शब्दही नाही.

हा पूल टिकला त्याची कारणं वर आलीच आहेत. बेटाच्या पूर्वेच्या फाट्यावर तो आहे, म्हणजे नदीचं सगळं पाणी त्याच्याखालून जात नाही. दोनच कमानी, प्रत्येकी सुमारे साडेचोवीस मीटरच्या, आणि पाण्यात एकच खांब. त्या खांबाच्या वर सहा मीटरच्या आसपास रुंद पूरखिडकी. प्रवाह पुलाला बऱ्यापैकी सरळ भेटतो. आत टफ आणि पेपेरिनो हे ज्वालामुखीचे दगड, बाहेर जिथे झीज जास्त तिथे ट्रॅव्हर्टिन. विटांचं जे आवरण आज दिसतं ते बरंचसं सतराव्या शतकातल्या दुरुस्तीचं. कारागिरी उत्तमच, पण पोन्स एमिलियस बांधणाऱ्यांची कारागिरी कमी होती असं कुणी म्हणू नये. त्यांना पाच खांब पाण्यात रोवायचे होते, तेही वळणावर. एक खांब बिघडण्याची शक्यता आणि पाचांपैकी कुठलाही एक बिघडण्याची शक्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पायाखाली खडक मिळाला तर काय होतं ते बघायचं असेल तर स्पेनच्या पश्चिम सीमेजवळ अल्कांतारा इथे जा. सम्राट ट्राजानच्या काळात, इ.स. १०४ ते १०६ मध्ये, गायस युलियस लाकेर याने ताहो नदीवर सहा कमानींचा ग्रॅनाइटचा पूल बांधला, सांध्यांत चुना न घालता. सर्वांत मोठा गाळा जवळपास २९ मीटर, उंची नदीपासून ४५ मीटरच्या घरात. खांब खडकावर. या पुलाच्या कमानी तीन-चार वेळा गेल्या, पण नदीने नेल्या नाहीत. दर वेळी कुठल्या ना कुठल्या सैन्याने तोडल्या.

आता दुसरा प्रश्न: रोमनांचे पूल दोन हजार वर्षं राहतात, आपले का नाही? पहिली गोष्ट, रोमनांचे पूल राहतात हे खरं नाही. राहिले तेवढेच आपल्याला दिसतात. जे गेले त्यांच्या समोर उभं राहून फोटो काढता येत नाही. पोन्ते रोत्तो अर्धवट राहिला म्हणून त्याची गोष्ट आपल्याला कळते, इतकंच. दुसरी गोष्ट, दगडी कमानीत लोखंड नाही, आणि आपल्या काँक्रीटच्या पुलाचा जीव लोखंडात. काँक्रीटमध्ये ओल आणि खारी हवा शिरली की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून आपण शंभर वर्षांचं आयुष्य धरून संकल्पन करतो आणि तेवढं गाठायलाही देखभाल लागते. पण त्याच सळईमुळे आपण चाळीस-पन्नास मीटरचा गाळा सडपातळ खांबांवर टाकतो, नदीची रुंदी फारशी अडवत नाही, आणि पाया धुपीच्या खाली नेतो. रोमन स्थापत्यकाराला यातलं एक काहीही दिलं असतं, तर त्याने आनंदाने आपल्या दोन हजार वर्षांतली काही वर्षं सोडली असती, असं मला वाटतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर बघायचं काय? पोन्ते रोत्तोवर जाता येत नाही. पालातिनो पुलावर उभे राहा, ती कमान अगदी पुढ्यात दिसते. पावसाळी दिवस टाळा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खांबाचा खालचा भाग उघडा पडतो. आधी खांब बघा, मग कमान, कारण जुनं रोमन बांधकाम मुख्यतः खांबांत आहे. कमानीचं जे रूप दिसतं ते मोठ्या प्रमाणात सोळाव्या शतकातलं. कमानीच्या खांद्यांवर कोरलेले ड्रॅगन ही तेराव्या ग्रेगरीच्या बोन्कोम्पान्यी घराण्याची खूण. त्यामुळे ‘इसवी सनापूर्वीची कमान’ असं खाली लिहून फोटो टाकू नका. वरच्या अंगाचं खांबाचं टोकदार नाक आणि कमानीच्या दोन्ही बाजूंच्या पूरखिडक्या निरखा. तिथूनच पूर्व काठाच्या भिंतीत क्लोआका माक्सिमा या प्राचीन गटाराचं तोंडही दिसतं.

मग बेटावर जा आणि फाब्रिचिओबरोबर पलीकडचा चेस्तिओ पूलही बघा, तो बहुतेकजण चुकवतात. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वालेन्तिनियन, वालेन्स आणि ग्रातियन या सम्राटांच्या काळात तो नव्याने बांधला होता आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत उभा होता. काठाच्या भिंतींसाठी नदीचा तो फाटा रुंद करायचा ठरलं, तेव्हा १८८८ ते १८९२ मध्ये पूल उतरवला, मधली कमान बऱ्याचशा जुन्याच दगडांतून परत रचली आणि दोन्ही कडांच्या छोट्या कमानी काढून त्या जागी मोठ्या नव्या घातल्या. मधल्या आणि कडेच्या कमानींच्या दगडांतला फरक काठावरून जरा निरखून पाहिलात तर ओळखता येईल.